उंच वाळवंटातली सायकलची ग्रॅव्हल (खडीची) वाट: आधी पाणी, मग झोपण्याची उंची, मग अंतर

बोलिव्हियाच्या नैऋत्य टोकाला उयुनीच्या मिठाच्या मैदानापासून लगूना कोलोराडामार्गे चिलीच्या सीमेकडे जाणारी वाट, ताजिकिस्तानातली बारतांग दरी आणि तिच्या वरचं पामीरचं पठार, लडाखमधलं चांगथांगचं पठार, अर्जेंटिना-चिली सीमेवरचं पूना नावाचं उंच पठार. या वाटा एकमेकींपासून हजारो किलोमीटर दूर आहेत, पण सायकल घेऊन गेलेल्याला चारही ठिकाणी तेच प्रश्न पडतात. पुढचं पाणी कुठे? रात्री झोपायचं किती उंचीवर? समोरचा रस्ता चालवण्याजोगा आहे की ढकलण्याजोगा? वारा किती वाजता सुटेल? किलोमीटरचा प्रश्न यानंतर येतो. सपाटीवर दिवसाला १०० किलोमीटर सहज मारणारे लोक त्याच हिशेबाने इथली आखणी करतात, आणि तिसऱ्या दिवशी पाणी संपलेलं, डोकं ठणकतंय आणि गाव अजून ४० किलोमीटर लांब अशी गत होते. म्हणून इथे आखणीचा क्रम उलटा धरला आहे.

हंगाम

पामीरमध्ये जूनअखेर ते सप्टेंबर. लडाख आणि स्पितीत साधारण तेच महिने, पण जुलै-ऑगस्टमध्ये बर्फ वितळून नाले फुगतात, त्यामुळे सप्टेंबर सर्वांत भरवशाचा. अँडीजच्या पठारावर मे ते ऑक्टोबर कोरडा काळ. त्यातले जून-जुलै कडाक्याचे, रात्री पारा उणे १५ च्याही खाली जातो. डिसेंबर ते मार्च उयुनीच्या मैदानावर पाणी साचतं, तेव्हा तिथे सायकल नेणं म्हणजे तिला खाऱ्या पाण्यात बुडवणं. उष्ण वाळवंटांचं गणित वेगळं: मोरोक्कोचा दक्षिण भाग ऑक्टोबर ते एप्रिल, अमेरिकेतल्या युटाचा कॅन्यन प्रदेश वसंतात किंवा शरदात. उन्हाळ्यात या दोन्ही ठिकाणी जाऊच नये. त्याचं कारण पाण्याच्या हिशेबात दिसेल.

नकाशावर पाणी शोधणं

ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेल्या एखाद्या ॲपमध्ये मार्ग काढा, नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या आणि मग सॅटेलाइट चित्रात मार्गाचा एकेक किलोमीटर डोळ्यांखालून घाला. ३०० किलोमीटरच्या मार्गाला दोन-तीन संध्याकाळी जातात. या कामाला आखूड वाट नाही.

चित्रात काय पाहायचं ते ठरलेलं असतं. दरीच्या तळाशी गर्द हिरवा पट्टा दिसला की तिथे झरा किंवा ओलसर कुरण असतं. तळ्याच्या काठाला पांढरी किनार दिसली की पाणी खारं, आणि कोणताही फिल्टर मीठ काढत नाही. ज्या नदीच्या वर हिमनदी आहे ती उन्हाळ्यात वाहणारच. जिच्या वर फक्त उघडे डोंगर आहेत ती पावसानंतर चार दिवस वाहते आणि आटते. एकाच जागेची वेगवेगळ्या महिन्यांतली चित्रं मिळाली तर हा फरक लगेच कळतो.

आता प्रत्येक पाणवठ्यासमोर तीनपैकी एक खूण करा: "आहेच", "बहुधा असेल" आणि "भरवसा नाही". वस्ती असलेलं गाव, माणसं राहत असलेली चौकी, हंगामातली हिमनदीची नदी एवढ्याच जागा "आहेच" या वर्गात जातात. पाणी नेहमी एका "आहेच"पासून दुसऱ्या "आहेच"पर्यंत पुरेल एवढं भरायचं. मधला "बहुधा" लागला तर उत्तम, पण तो हिशेबात धरायचा नाही.

हिशेब कसा करायचा ते एका उदाहरणात पाहू. दोन पक्क्या पाणवठ्यांमध्ये ८५ किलोमीटर आहेत. त्यातले ५५ बऱ्या खडीचे, ३० वाळूचे. सामान लादलेल्या सायकलचा उंचावर खडीवरचा वेग ताशी १० किलोमीटर धरा, वाळूत ढकलत-चालवत ५. म्हणजे साडेपाच तास अधिक सहा तास, असे साडेअकरा तास. उंचावर एवढं एका दिवसात होत नाही, म्हणून दोन दिवस आणि एक मुक्काम. थंड हवेत तासाला अर्धा लिटर धरला तर चालताना ६ लिटर, मुक्कामाला रात्रीचं जेवण, सकाळचा चहा-नाश्ता आणि रात्रीचं पिणं मिळून अडीच लिटर, वर राखीव पाव हिस्सा म्हणजे २ लिटर. बेरीज साडेदहा लिटर, म्हणजेच साडेदहा किलो. हाच टप्पा उष्ण वाळवंटात असेल तर तासाला पाऊण ते एक लिटर लागतं आणि आकडा १४ ते १७ लिटरवर जातो. एवढं वजन घेऊन वाळूत सायकल चालत नाही. अशा वेळी एक तर हंगाम बदलायचा, नाही तर गाडीने आधी जाऊन पाणी ठेवून यायचं, नाही तर मार्ग बदलायचा. युटातल्या कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानाचा व्हाइट रिम रस्ता सुमारे १६० किलोमीटरचा आहे आणि त्यावर पिण्याचं पाणी कुठेच नाही. म्हणून बहुतेक लोक तो सोबत पाण्याची गाडी घेऊनच करतात.

पाणी किमान तीन वेगळ्या भांड्यांत विभागा, कारण एखादी पिशवी फुटतेच. जड पिशवी फ्रेमच्या त्रिकोणात, तळाशी. फोर्कच्या दोन्ही बाजूंना एकेक लिटरच्या बाटल्या. सीटमागच्या लांब पिशवीत पाणी भरू नका, उतारावर सायकलचं शेपूट हलायला लागतं.

शुद्ध करण्याबद्दल चार गोष्टी. पहिली, पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा भिजल्यावर गोठला तर आतले तंतू फाटतात. बाहेरून काहीच दिसत नाही, पाणी पूर्वीसारखंच येतं, पण जंतू अडत नाहीत. म्हणून वापरलेला फिल्टर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. दुसरी, क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळीला बहुतेक जंतूंसाठी अर्धा तास पुरतो, पण क्रिप्टोस्पोरिडियम या चिवट परजीवीसाठी चार तास लागतात. गुरं चरतात तिथलं पाणी असेल तर गोळी रात्रीच टाकून ठेवा. तिसरी, हिमनदीचं पाणी गढूळ असतं आणि फिल्टर तासाभरात तुंबवतं. पातेल्यात घेऊन तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, वरचं निवळलेलं पाणीच फिल्टरमधून काढा. चौथी, अँडीजच्या ज्वालामुखी भागात गरम झऱ्यांच्या आसपासच्या पाण्यात आर्सेनिक असू शकतं. ते उकळून जात नाही, साध्या फिल्टरनेही जात नाही. तिथे गावातलं किंवा चौकीवरचं पाणीच भरा.

उकळायचंच असेल तर २,००० मीटरच्या वर खळखळून तीन मिनिटं उकळा. ४,५०० मीटरवर पाणी सुमारे ८५ अंशांनाच उकळतं. त्याच कारणाने तिथे डाळी आणि कडधान्यं तासभर इंधन जाळूनही कच्ची राहतात, तेव्हा झटपट शिजणारं अन्नच न्या.

झोपण्याची उंची

४,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६१ टक्के असतो, ५,५०० मीटरवर निम्मा. शरीर याला सरावतं, पण त्याच्या गतीने. तुमचा व्यायाम किती झालाय याच्याशी त्याचा संबंध नसतो. उलट तगडा सायकलस्वार पहिल्या दोन दिवसांत जास्त उंची गाठतो आणि जास्त आजारी पडतो.

नियम सर्वमान्य आहे: ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक जादा रात्र काढावी. दिवसा खिंडीवर कितीही चढलात तरी चालतं, मोजायची ती रात्रीची उंची.

आता हा नियम पामीर महामार्गावर लावून पाहा. किरगिझस्तानातलं ओश सुमारे १,००० मीटरवर आहे. तिथून ताल्दिक खिंडीने सारी-ताश, सुमारे ३,१५० मीटर. पुढे किझिल-आर्त खिंड ओलांडून काराकुल तळ्याचा काठ, ३,९०० मीटरच्या वर. त्यापुढे आक-बाइताल, ४,६५५ मीटर, आणि मग उतरून मुर्गाब, सुमारे ३,६५० मीटर. सारी-ताश ते काराकुल ही उडी साडेसातशे मीटरची आहे आणि मध्ये सीमाचौक्या असल्याने मुक्काम मनासारखा करता येत नाही. म्हणून सारी-ताशला दोन रात्री काढाव्यात, जमल्यास तीन. आक-बाइतालचं मात्र शरीराला ओझं होत नाही. दिवसा ४,६५५ पर्यंत चढून रात्री हजार मीटर खाली झोपता येतं. हीच वाट दुशान्बेकडून सुरू केली तर खोरोगपर्यंत, म्हणजे सुमारे २,१०० मीटरपर्यंत, कित्येक दिवस नदीकाठाने जातात आणि सराव आपोआप होतो. स्पितीचंही तसंच. किन्नौरकडून आलात तर उंची हळूहळू वाढते. मनालीकडून आलात तर दोन दिवसांत कुंझुम खिंडीच्या साडेचार हजार मीटरवर पोहोचता, आणि बाताल-लोसार पट्ट्यात झोपावंही चार हजारांच्या आसपास लागतं. विमानाने थेट लेहला, म्हणजे ३,५०० मीटरवर, उतरणाऱ्याने पहिले तीन दिवस सायकल खोलीतच ठेवावी.

आखणीच्या कागदावर प्रत्येक मुक्कामासमोर उंची लिहा आणि शेजारी आदल्या रात्रीपासूनचा फरक. ५०० च्या वरचा आकडा दिसला की तिथे जादा रात्र घाला. कागदावर हे पाच मिनिटांचं काम आहे. वाटेत आजारी पडल्यावर तेच चार दिवस खातं.

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, झोप न लागणं ही विरळ हवेच्या आजाराची सुरुवात. यात एकच करायचं: आणखी वर जायचं नाही. २४ तासांत उतार पडला नाही तर खाली या. पुढची दोन लक्षणं मात्र थांबून पाहण्याची नाहीत. बसल्या जागी धाप लागतेय, खोकला येतोय, ओठ निळसर झालेत, तर फुफ्फुसांत पाणी होतंय. सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकता येत नाही, बोलणं असंबद्ध झालंय, तर मेंदूला सूज येतेय. दोन्हींत रात्र असो वा वारा, लगेच खाली, निदान ३०० मीटर, शक्य तर हजार. माणसाला एकट्याने पाठवायचं नाही आणि सायकल चालवू द्यायची नाही. ॲसेटाझोलामाइड हे औषध सरावाला मदत करतं. प्रतिबंधासाठी त्याची नेहमीची मात्रा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आहे, पण सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी जपून राहावं आणि कोणीही ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. झोपेच्या गोळ्या आणि दारू दोन्ही टाळा, रात्रीचा श्वास मंदावतो.

पठाराची अडचण अशी की खाली जायला वाटच नसते. बोलिव्हियाच्या लगूना वाटेच्या मधल्या भागात दिवसभर चालवूनही ४,००० च्या खाली येता येत नाही. म्हणून प्रत्येक मुक्कामासाठी "इथून लवकरात लवकर खाली कसं जायचं" याचं उत्तर आधीच लिहून ठेवा. कधी ते पुढे असतं, कधी मागे, आणि कधी फक्त जीपने.

रस्ता ओळखणं

सॅटेलाइट चित्रात रस्ता एकाच रेषेत न जाता पाच-सहा समांतर रेषांत फाटलेला दिसला तर समजा, गाडीवाल्यांनी मूळ रस्ता टाकून बाजूने नवे रस्ते पाडलेत. याची कारणं दोनच: मूळ रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा झाला आहे, किंवा तिथे मऊ वाळू आहे. दोन्हींत तुमचा वेग निम्म्यावर येणार.

सायकलस्वार ज्याला वॉशबोर्ड म्हणतात तो पन्हाळी रस्ता पाऊस किंवा खराब कामामुळे होत नाही. सुट्या खडीवरून चाकं ठरावीक वेगाच्या वर गेली की बारीक उंचवट्यावर उडतात, पुढे आदळून खड्डा पाडतात, आणि लाट तयार होते. जीप त्यावरून वेगात गेली की लाटांच्या माथ्यांवरून तरंगत जाते. सायकलला तो वेग मिळत नाही, त्यामुळे तुम्हाला प्रत्येक लाट मोजावी लागते. उपाय: रस्त्याच्या अगदी कडेला जिथे गाडीचं चाक पडत नाही तिथे राहा, वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाहा, हवा कमी करा, हात सैल ठेवा. आणि दर संध्याकाळी प्रत्येक बोल्ट हाताने तपासा. बाटलीचे पिंजरे, कॅरिअरचे बोल्ट, क्लीटचे (बूट पायडलला अडकवणाऱ्या पट्टीचे) स्क्रू याच रस्त्यावर सुटतात. निघण्याआधी सगळ्यांना मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा आणि चार जादा एम-५ बोल्ट जवळ ठेवा.

वाळूत शिरण्याआधी गिअर हलका करा, शिरल्यावर नको. वजन मागे, हँडलवर हलका हात, पायडल न थांबवता गोल फिरवत राहायचं. पुढचं चाक स्वतःची वाट शोधत थोडं डुलतं, ते डुलू द्या. हँडलने दिशा बदलायला गेलात की चाक रुततं. पहाटे वाळू थंड आणि किंचित दमट असते, दुपारपेक्षा बरीच घट्ट. वाळूचा टप्पा नेहमी सकाळी येईल असा मुक्काम ठरवा.

चिकणमातीची भीती वाळूपेक्षा जास्त बाळगा. कोरड्या वाळवंटातला मातीचा रस्ता अर्ध्या तासाच्या पावसात असा चिकट होतो की चाक फ्रेममध्ये अडकून फिरायचं थांबतं, आणि जोर लावला तर डिरेलरचा (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, मोडतो. त्यावर उपाय एकच, थांबणं. ऊन पडलं की काही तासांत रस्ता वाळतो.

मिठाच्या मैदानावर चालवणं सोपं, नंतरचं अवघड. उयुनीचं मैदान ३,६५६ मीटरवर आहे आणि दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठं. दिशा फक्त जीपीएसने ठेवा, डोळ्याला दिसणारं बेट ३० किलोमीटरवर असतं. काठाजवळचं मीठ चिखलट असतं, म्हणून गाड्यांच्या ठरलेल्या वाटेनेच चढा-उतरा. पहिल्या गावात साध्या पाण्याने सायकल धुवा, चेन पुसा, तेल द्या. दोन दिवस हयगय केली तर स्पोकच्या निपलांना गंज धरतो.

टायर, हवा आणि पंप

टायर ४५ मिलिमीटरच्या खाली नको, फ्रेममध्ये बसत असेल तर ५० किंवा त्याहून रुंद, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला), बाजूच्या भिंती मजबूत असलेला. माणूस, सायकल आणि सामान मिळून १०० किलो असतील तर ५० मिलिमीटरच्या टायरला बऱ्या खडीवर मागे ३२ आणि पुढे २८ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक), वॉशबोर्डवर २६ आणि २२, सलग वाळूत २० आणि १७ इथून सुरुवात करा. वाळू संपून दगड लागले की थांबून हवा भरा. कमी हवेत रिम दगडावर आपटली तर दुरुस्ती होत नाही.

उंचीमुळे हवेच्या दाबात जे होतं त्याने पुष्कळांचा गोंधळ उडतो. समुद्रसपाटीला भरलेला टायर गाडीने ४,००० मीटरवर नेला तर गेजवर सुमारे पावणेसहा पीएसआय जास्त दिसतात, कारण बाहेरचा दाब तेवढा कमी झालेला असतो. पण सकाळी थंडीने उलट होतं. तापमान ३० अंशांनी उतरलं तर ३० पीएसआयचा टायर साडेचार पीएसआय गमावतो. म्हणून हवा रोज सकाळी निघताना, छोट्या डिजिटल गेजने, त्याच वेळी मोजा. अंगठ्याने दाबून थंड रबराचा अंदाज येत नाही.

आणि हातपंप. ४,००० मीटरवर पंपाच्या प्रत्येक झटक्यात ३९ टक्के कमी हवा जाते. घरी जो टायर १५० झटक्यांत भरतो त्याला तिथे सुमारे २४५ लागतात, आणि तुम्ही आधीच धापा टाकत असता. छोटा शोभेचा पंप नेऊ नका. मोठ्या आकारमानाचा, पायाखाली टेकवून मारता येईल असा न्या. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्या विमानातून नेताना अडचणीच्या ठरतात, काही सीलंट (ट्यूबलेस टायरमधली भोकं आतून बुजवणारी द्रवं) त्यांच्या थंडीने घट्ट होतात, आणि तो वायू रबरातून लवकर निघूनही जातो.

कोरड्या हवेत सीलंट लवकर सुकतं. दोन आठवड्यांच्या प्रवासाला १२० मिलिलिटर जादा न्या आणि मध्यावर एकदा व्हॉल्व्ह काढून प्रत्येक चाकात निम्मं निम्मं घाला. चाक हलवून आत पाणी खळखळल्याचा आवाज आला नाही तर ते सुकलेलं आहे. सोबत भोकात खोचायच्या प्लगच्या पट्ट्या, दोन ट्यूब, टायरच्या आतून लावायचे दोन तुकडे, आणि जाड सुई व दातांचा फ्लॉस. बाजूची भिंत चिरली तर फ्लॉसने शिवायची, आतून तुकडा लावायचा, मग ट्यूब घालायची. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं सावकाश फिरवून रुतलेले सगळे काटे काढा. सीलंटने आजवर बुजवलेले डझनभर काटे आत असतात आणि नवी ट्यूब पहिल्याच किलोमीटरला पंक्चर होते.

गिअर

इथे आकडेच बोलतात. ४० दातांची पुढची आणि ४२ ची मागची चकती असेल तर पायडलच्या मिनिटाला ६० फेऱ्यांनी वेग ताशी ७.६ किलोमीटर होतो. ८ टक्के चढावर १०० किलो वजनाला त्यासाठी सुमारे २०० वॉट लागतात. ३० आणि ४६ असेल तर त्याच फेऱ्यांत वेग ५.२ किलोमीटर आणि ताकद सुमारे १४० वॉट. ४,५०० मीटरवर शरीराची क्षमता पाव हिश्शाने उतरते. घरी तासन्‌तास २०० वॉट देणाऱ्यालाही तिथे दीडशेच झेपतात. म्हणून सर्वांत हलक्या गिअरचं प्रमाण (पुढचे दात भागिले मागचे दात) ०.६५ किंवा त्याहून कमी ठेवा. दुकानातून येणाऱ्या बहुतेक ग्रॅव्हल सायकली एवढ्या हलक्या नसतात. पुढची चकती बदलणं सर्वांत स्वस्त पडतं.

चेनला मेणाचं वंगण. ओलं तेल वाळू धरतं आणि तीच वाळू चेन व चकत्या घासून खाते. सुट्या भागांत हे असू द्या: डिरेलरचा हँगर एक, चेनच्या जोडकड्या दोन, ब्रेक पॅडच्या दोन जोड्या, मापाचे स्पोक चार, गिअरची केबल एक, व्हॉल्व्हचे गाभे दोन. हँगर सर्वांत महत्त्वाचा, कारण तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि पठारावरच्या कुठल्याही गावात मिळत नाही. पॅड धातूमिश्रित घ्या, साधे पॅड ओल्या वाळूत एका लांब उतारात संपू शकतात.

दिवसाचं वेळापत्रक आणि वारा

उंच पठारांवर सकाळ शांत असते आणि दुपारी वारा सुटतो. अँडीजच्या पठारावर तो मुख्यतः पश्चिमेकडून येतो, मोठ्या दऱ्यांत दुपारी दरीच्या वरच्या दिशेने वाहतो. मार्गाची दिशा ठरवताना हे आधी बघा. समोरून येणारा वारा सहा तास खाल्ला तर पाण्याचा सगळा हिशेब कोसळतो. उजाडताच निघा, दुपारी एक-दोनपर्यंत दिवसाचं अंतर संपवा, मुक्काम भिंतीच्या किंवा खडकाच्या आडोशाला करा. वाळूत तंबूच्या खुंट्या धरत नाहीत. पिशवीत वाळू भरून दोरीला बांधा आणि हातभर खोल पुरा. कोरड्या ओढ्याच्या पात्रात, जागा कितीही सपाट असली तरी, तंबू लावू नका. पाऊस ३० किलोमीटरवर पडतो आणि लोंढा तुमच्याकडे येतो.

फोन, पॉवर बँक आणि इलेक्ट्रॉनिक गिअरची बॅटरी रात्री अंगाजवळ ठेवा. डायनॅमो हबवर (चाकाच्या मध्यात बसवलेल्या, चाक फिरताना वीज तयार करणाऱ्या यंत्रावर) फार भिस्त नको. ताशी ८ किलोमीटरने चढताना त्यातून फोन चार्ज होण्याइतकी वीज निघत नाही. २०,००० एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-तासांची असते, ती विमानात हातातल्या सामानात चालते. संकटात संदेश पाठवायला सॅटेलाइट कम्युनिकेटर ही उत्तम वस्तू, पण भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा असं यंत्र बाळगणं बेकायदा आहे आणि विमानतळावर त्यासाठी प्रवाशांना अटक झालेली आहे. जिथे जाल तिथला कायदा आधी पाहा. परवान्यांचंही तेच: पामीरला गोर्नो-बदख्शान प्रांताचा परवाना, लडाखच्या सीमाभागाला तिथल्या प्रशासनाचा, व्हाइट रिमला उद्यानाचा.

नदी ओलांडताना

हिमनदीची नदी पहाटे सर्वांत लहान आणि संध्याकाळी सर्वांत मोठी असते. दुपारी चारला मांडीपर्यंत असलेलं पाणी सकाळी सहाला गुडघ्याच्या खाली आलेलं दिसतं. म्हणून दुपारी मोठी नदी लागली तर अलीकडेच मुक्काम करा. रुंद जागा शोधा, कारण पात्र पसरलेलं असेल तिथे पाणी उथळ आणि संथ असतं, अरुंद जागी खोल आणि जोरकस. आधी सामानाशिवाय, काठी घेऊन, बूट घालून एकदा जाऊन या. पाणी वेगात असेल आणि गुडघ्याच्या वर येत असेल तर सायकल घेऊन जाऊ नका. तसं नसेल तर सामान उतरवून दोन-तीन खेपांत न्या. पाठपिशवीचे छातीचे व कमरेचे पट्टे सोडा. सायकल प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरा. वरच्या बाजूला धरली तर प्रवाह तिला तुमच्या पायांवर ढकलतो. ती हातातून सुटायला लागली तर सोडून द्या.

पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-चारदा दाबून पॅड वाळवा, आणि त्या रात्री हब व तळाच्या बेअरिंगमधून करकर येतेय का ते चाक कानाशी धरून, हळू फिरवून ऐका.

मागे फिरण्याचा हिशेब

हा निघण्याआधीच लिहून हँडलबारच्या पिशवीत ठेवा, कारण दमलेल्या डोक्याला तो जमत नाही. टप्प्याच्या मध्यावर तीन गोष्टी तपासा: पाणी निम्म्याहून जास्त उरलंय का, ठरवलेल्या वेळेच्या दोन तासांहून जास्त मागे तर नाही ना, आणि कोणाचं डोकं दुखतंय का. पाणी निम्म्याहून कमी असेल आणि मागचा पाणवठा "आहेच" वर्गातला असेल तर मागे फिरा, पुढचा कितीही जवळ वाटला तरी. वेळ चुकली असेल पण पाणी असेल तर तिथेच मुक्काम करा आणि राहिलेलं अंतर पहाटेच्या शांत हवेत काढा. डोकं दुखत असेल तर पुढचा मुक्काम वर आहे की खाली एवढंच पाहा. खाली असेल तर सावकाश पुढे, वर असेल तर आज पुढे जायचं नाही.